रिकाम्या चौकोनाचं उत्पन्न

आबा, तुमचं गाव मी बिघडवलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगल्यावर टॅब उघडला आणि गावाच्या अगदी मधोमध, तुम्ही दोन वर्षं रिकामा ठेवलेल्या त्या चौकोनात, सराई बांधून टाकली. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. आता कळणार कुठून म्हणा. पण सवय जात नाही. घरात काही सांडलं, फुटलं की तुमच्यापुढे येऊन पहिली कबुली देणारी मीच असायची, तुमचा लेक नव्हे.

आणि परवानगी तुम्हीच दिली होतीत. कितीदा मी त्या चौकोनावर बोट ठेवून म्हटलं, आबा, सोन्यासारखी जागा आहे, बांधा की काहीतरी. तुम्ही कधी ‘बगू’ म्हणायचात, कधी ‘ऱ्हाऊ दे’. मी फारच मागे लागले तेव्हा एकदा हसून म्हणालात, “मी गेल्यावर बांध की. मंग तुला कोण आडवतंय?” बोलताना माणसाला वाटतं, बोलायला काय जातंय.

तुम्ही कुसगावहून आमच्याकडे तळेगावला आलात ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. महिन्याभराचं बोलणं होतं. पण आई गेल्यापासून तिकडे तुम्ही एकटेच चूल फुंकत होतात, म्हणून तुमच्या लेकानं परतीचा विषय काढला नाही आणि तुम्हीही काढला नाहीत. मला, खरं सांगते, धास्ती होती. कारखान्यात दिवसभर मी कॉस्टिंगला बसते, कुठल्या सुट्या भागाला किती खर्च आला ते काढत. संध्याकाळी घरी आले की चहाचा कप आणि टॅबवरचा तो गावाचा खेळ, एवढा अर्धा तास माझा. त्यात सासरे येऊन शेजारी बसले म्हणजे संपलंच सगळं, असं मला वाटलं होतं. पहिले चार दिवस तुम्ही पेपर तोंडासमोर धरून बसलात. पाचव्या दिवशी पेपर खाली आला.

“ह्ये काय चाललंय?”

मी सांगितलं. नदीकाठी माळरान मिळतं, चौकोन चौकोन आखलेलं. त्यावर घरं बांधायची, शेतं करायची, गिरणी, बाजार, लोहाराची भट्टी, सराई. रोज संध्याकाळी गावाला नाणी मिळतात, त्यातून पुढचं बांधायचं. कुठं काय बांधलं तर उत्पन्न सगळ्यात जास्त वाढतं, एवढाच सगळा खेळ. मी त्याचा एक्सेलमध्ये तक्ता केला होता आणि प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता. बांधायला किती, दिवसाला किती, किती दिवसांत वसूल. बाजार पहिला, सराई दुसरी, गिरणी तिसरी. मला त्या तक्त्याचा फार अभिमान होता. तुम्ही चष्मा लावून, गुडघा सांभाळत फ्रिजपाशी गेलात आणि सगळा वाचलात.

“हिरीम्होरं शून्य ल्हिवलंय.”

“विहिरीचं उत्पन्न काही नसतं आबा. नुसती शोभेला.”

तुम्ही इतके हसलात की चहा बशीत सांडला. मग माझ्या शेजारी बसून पडद्यावर बोट टेकवलंत. बोटाला तंबाखू, पडद्यावर डाग. “ती बाई बग. रिकामी बादली घिऊन नदीला चाललीया. ती येस्तवर दिस मावळतो. मंग गिरणीवर कामाला कदी जानार ती?”

आबा, आठ महिने मी तो खेळ खेळत होते. त्या गावात माणसं चालतात हे मला माहीत होतं, पण मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. माझी नजर वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर. तुमचं मन राखायला म्हणून, आणि जरा खोड मोडायला म्हणूनही, मी घरांच्या मध्ये एक विहीर खोदली. दोन दिवसांत गिरणीचं उत्पन्न दीडपट झालं. भट्टीचं वाढलं. बाजाराचं वाढलं. मी तक्ता तीनदा तपासला.  तुम्ही मात्र उठून बशीतला चहा पुसायला फडकं शोधत होतात.

त्यानंतर तुमचा नियम लागू झाला. नवीन काही बांधायचं असेल तर आधी खेळातला एक अख्खा दिवस हात न लावता बसून बघायचं. चार मिनिटांचा दिवस तो, पण मला चार युगांचा वाटायचा. “बैल कसा घेत्यात? आधी चालवून बगत्यात. दात मागनं. तसं गाव आधी चालताना बगायचं.” मी म्हणायचे, आबा, सांगून टाका ना एकदाच, भट्टी कुठं घालू? तुम्ही सांगायचा नाहीत. म्हणायचात, “बग.” मला त्याचा संताप यायचा. उत्तर माहीत असून न सांगणारा माणूस माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं कसा सोसला असेल, असंही मनात यायचं.

पण तुम्ही चुकलाच नाहीत असं मात्र कुणी समजू नये. तुम्हाला स्वतःचं गाव काढून दिलं तेव्हा तुम्ही पहिल्याच वर्षी ते उपाशी मारलंत. आठवतंय? भाताचं पीक आलं आणि तुम्ही एका कोठाराला कुलूप लावलंत. मी विचारलं, हे कशाला? “बी.” मी म्हटलं, आबा, या खेळात बियाणं लागत नाही, दर वर्षी आपोआप पेरतात. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत जणू मी देवाची निंदा केली. “बी खायचं नसतं, सूनबाय.” थंडी आली, बाकीची कोठारं रिकामी झाली, लोक डोक्यावर बोचकी घेऊन गाव सोडायला लागले, आणि कुलूप काही निघेना. शेवटचं घर ओसाड पडलं तेव्हा त्या कोठारात गावाला वर्षभर पुरेल एवढा भात होता. सुदुंबऱ्याहून तुमची बहीण आली होती त्या दिवशी. तिला मी सगळं सांगितलं तर ती गंभीरपणे म्हणाली, “मंग बराबरच हाय की त्याचं.” मी कपाळावर हात मारला. तुम्ही दुसरं गाव काढलंत, आणि त्यातही एक कोठार कुलपात ठेवलंत, फक्त या वेळी लहानसं.

ते दुसरं गाव मात्र, आबा, काय सांगू. मी ऑफिसातल्या दोघींना दाखवलं होतं, तुम्हाला बोलले नव्हते. माझ्या गावात तुमच्या दुप्पट इमारती आणि तुमच्या गावाचं उत्पन्न माझ्यापेक्षा जास्त. कसं, ते मला कळायचं नाही. तुमचा बाजार लहान. सराई एकच, तीही वेशीबाहेर. “हाटेल गावाच्या मधी नको. कुसगावात बगितलंय म्या.” आणि मधोमध तो रिकामा चौकोन, नुसतं गवत. मी दर रविवारी त्यावरून वाद घालायची. सराई घाला, दिवसाला दोनशे नाणी येतील, माझा तक्ता बघा. तुम्ही तक्त्याला मान द्यायचात, हे कबूल करायला हवं. “आकडा बराबर हाय तुझा,” म्हणायचात. आणि बांधायचा नाहीत.

खऱ्या जागेवरून झालेलं भांडण याच वादाला चिकटून आलं. आता ते लिहायलाच हवं.

कुसगावची आपली उरलेली जागा. एवढं सगळं गेलं, रस्त्यात गेलं, हॉटेलांना गेलं, त्यातून राहिलेला तो एक तुकडा, आईंनी लावलेल्या आंब्याचा. तिथं चार खोल्या काढून पर्यटकांना द्यायच्या असं आम्ही दोघांनी ठरवलं. नकाशा करून आणला. खोल्या जागेच्या मधोमध, कारण तिथून डोंगर दिसतो. तुमच्यापुढे कागद पसरला. तुम्ही बराच वेळ बघून म्हणालात, “मधी नको.”

“मग कुठं?”

“बगू.”

मी दिवसभराची दमलेली होते. हे काही कारण नव्हे, पण होते. मी म्हणाले, “आबा, खेळात तुम्ही सगळं बघता. खऱ्या जागेवर गेलात की नुसतं आंब्याखाली बसता. आई जाऊन सहा वर्षं झाली. जागा काय त्यांची समाधी म्हणून ठेवायची आहे का?”

तुमचा लेक माझ्याकडे बघतच राहिला.  तुम्ही उठलात, दारापाशी गेलात, आणि तिथल्या सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावत बसलात. माझ्याही लावल्यात. मग दोन दिवस पेपर पुन्हा तोंडासमोर. तिसऱ्या दिवशी मी टॅब घेऊन बसले तर मागून आवाज आला, “तुज्या भट्टीशेजारी गवताची गंजी हाय. आग लागल, बग.” एवढ्यावर आपलं भांडण मिटलं असं मी धरून चालले. मी माफी मागितली नाही. मागेन म्हटलं सवडीनं. नंतर महिनाभरात एका सकाळी तुमचा चहा तसाच निवत राहिला.

तर सराई. बांधली. वरचा आकडा दोनशेनं उडाला आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. दोन वर्षांचा वाद मी जिंकले होते आणि समोर कबूल करायला कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. तिसऱ्या दिवशी आणखी खाली. सराई चालत होती, पाहुणे येत होते, पण गिरणी रखडली, भट्टी थंड, बाजारात अर्धे गाळे बंद. चार दिवसांत गाव मूळ उत्पन्नाच्या खाली गेलं. मी सवयीनं तक्त्याकडे बघितलं. त्यात काहीच चूक नव्हती.

मग मी हात काढून घेतला आणि तुमचा एक दिवस बसून बघितला. वरच्या आळीतली माणसं घरातून निघाली. सगळी त्या चौकोनाच्या दिशेनं आली, सराईच्या भिंतीला थडकली, थांबली, आणि वळसा घालून निघाली. पार भट्टीच्या मागून, नदीच्या अंगानं. गिरणीवर पोचायला त्यांना दुपार झाली. तो चौकोन रिकामा नव्हताच, आबा. सगळं गाव रोज त्यावरून चालत होतं. मी दोन वर्षं गवत बघत होते आणि तुम्ही पाय बघत होतात.

सराई पाडली. पाडता पाडता आठवलं. ‘मधी नको’ हे तुम्ही मला दोन ठिकाणी म्हणाला होतात.

रविवारी ठेकेदार दहाला कुसगावच्या जागेवर येणार होता, खुणा टाकायला. मी तुमच्या लेकाला झोपू दिलं आणि पहिल्या लोकलनं एकटीच लोणावळ्याला गेले. तिथून रिक्षा. सातच्या आत आंब्याखाली जाऊन बसले, तुम्ही बसायचात त्याच दगडावर. धुकं होतं. नकाशा पिशवीत ठेवला आणि ठरवलं, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

आधी रात्रपाळीचा एक वॉचमन आला, खालच्या हॉटेलाकडून वर वस्तीकडे. कुंपणाच्या एका टोकाला जी फट आहे, जी तार तुटल्यामुळे पडली असं मला वाटायचं, तिच्यातून आत आला, तिरपा चालत गेला आणि वरच्या फटीतून बाहेर. मग वरून बायका यायला लागल्या. हातात डबे, अंगावर हॉटेलच्या एकाच रंगाच्या साड्या. एकामागं एक, गप्पा मारत, त्याच तिरप्या रेषेवरून. तेव्हा मला वाट दिसली. गवतात बैलगाडीच्या चाकाएवढी रुंद, मधे मधे चपटे दगड बसवलेले. बरोबर आमच्या नकाशातल्या चार खोल्यांमधून जाणारी. इतक्या वर्षांत मी तिथं सहलीला आल्यासारखी आले, डबा खाल्ला, फोटो काढले. वाट काही बघितली नाही.

एकजण थांबली. पन्नाशीची, कपाळ घामानं ओलं. “आबांच्या सूनबाई ना तुमी? मी लता. वरच्या वस्तीतली.” मग जरा अडखळून, “हितं बांधनार म्हनं तुमी. आमची वाट ऱ्हानार का?”

मी विचारलं, ही वाट नसली तर तुम्ही कशा जाल?

“रस्त्यानं. पर त्यो लय लांब, आन वळणावर शनिवार-रविवार गाड्या कशा येत्यात तुमी बगितलंय न्हवं? मागं आमच्यातल्या एकीला उडवलं, पाय गेला तिचा. तवा आबांनी कुंपण कापलं. म्हनले, हितनं जात जावा. पावसात चिखल व्हतो म्हून दगडं बी त्यांनीच टाकली, एकेक आणून.”

गुडघा ऑपरेशनच्या लायकीचा का झाला, ते मला तेव्हा कळलं.

“रोज हितं बसायचे,” लताबाई म्हणाल्या. “आमी बारा जणी. मोजायचे आमाला. एखादी दिसली न्हाई तर इचारायचे, कुटं हाय, बरी हाय का. तळेगावला गेल्यावर बी फोन करायचे मला, सगळ्या जात्यात न्हवं म्हून.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आता कोण मोजतंय.”

त्या गेल्या, कामाला उशीर होत होता. मी तिथंच बसून राहिले. आबा, माझं सगळं आयुष्य कशाला किती खर्च आणि कशातून किती उत्पन्न हे काढण्यात गेलं, आणि त्या जागेपुढे मीही शून्यच लिहिलं होतं. तुम्ही मात्र तो हिशेब पुरा केला होतात. आपल्या रकान्यात काही नाही, आणि वरच्या वस्तीतल्या बारा घरांच्या रकान्यांत रोज थोडं थोडं. वेळेवर पोचलेली हजेरी, शाबूत राहिलेले पाय, संध्याकाळी पेटलेली चूल. मी त्याला आठवणींचा हळवेपणा समजले. आईंची आठवणही असेल त्या आंब्याखाली, मी कोण नाही म्हणणारी. पण तुम्ही तिथं रडायला बसत नव्हता, काम करत होतात. शाळा सातवीपर्यंतची, आणि ही नजर. माझं त्याचं नवल अजून ओसरत नाही. मी कौतुक करायला तोंड उघडते आणि समोर तुमची रिकामी खुर्ची.

तुम्ही मला सांगितलं का नाहीत, हा राग अजून आहे. त्या दिवशी नकाशावर एकदा बोट ठेवून म्हणाला असतात, इथून बायका जातात, तर मी ते शब्द बोलले नसते. की बोललेच असते? बहुतेक म्हणाले असते, रस्ता आहे ना त्यांना, सरकारी. तुम्ही मला ओळखून होतात. सांगून मला पटलं नसतं, बघूनच पटायचं होतं. तरी सुद्धा, आबा. एकदा सांगून बघायचं.

ठेकेदार दहाला आला. मी त्याला म्हटलं, खोल्या आंब्याच्या पलीकडे, कडेला, आणि चार नाही, तीन. मधून वाट सोडायची, दगड हलवायचे नाहीत. तो म्हणाला, ताई, अहो, डोंगर दिसणार नाही. मी म्हटलं, ज्याला बघायचाय तो बाहेर येऊन बघेल. तुमच्या लेकाला फोन केला तर तो म्हणाला, “आबांनी काही लिहून ठेवलं होतं का?” मी म्हटलं, दगड टाकून ठेवलेत. संध्याकाळी तो स्वतः येऊन त्या वाटेवरून दोनदा चालला, आणि दुसऱ्यांदा चालताना त्यानं माझ्याकडे पाठच ठेवली.

तुमच्या गावात आता सगळं जागेवर आहे. चौकोनात पुन्हा गवत आलं, उत्पन्न पहिल्यासारखं झालं. कुलपातल्या कोठाराला मी हात लावलेला नाही. फ्रिजवरचा तक्ताही आहे, फक्त विहिरीपुढचं शून्य खोडलं. तिथं काय लिहायचं ते अजून सुचलं नाही, जागा कोरी आहे.

त्या दिवशी जे बोलले त्याची माफी मागते. समाधी म्हणाले होते मी. चूक झाली.

काल पुन्हा रविवार होता. पहिल्या लोकलनं गेले, दगडावर बसले. सातला वरच्या फटीतून पहिली आली, मग दुसरी. मी मोजत गेले. अकरा झाल्या आणि वाट रिकामी झाली. थोडी वाट पाहिली. मग उठले, लताबाईंच्या मागे भराभर चालत गेले आणि त्यांना विचारलं, बारावी कुठं आहे, बरी आहे का.